कोरसमधली तिसरी : पहिल्या रेकॉर्डिंगपासून टीडीएसच्या रिफंडपर्यंत

मी कोरस गाते. गाण्यात मेन गायिका एक ओळ म्हणते आणि मागून दोन-तीन बाया तीच ओळ उचलतात, नाहीतर नुसतं आ आ करतात, त्यातली एक मी. राहते अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात, घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिको करते. दीड-पावणेदोन वर्षांत हे कोरसचं काम कसं मिळालं, पैसे कसे मिळाले, कापलेला टॅक्स परत कसा आणला आणि गाण्याखाली नाव कसं लागलं ते सगळं लिहून काढतेय, कारण मला ह्यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते. आमच्याकडं गाणाऱ्या पोरी गल्लोगल्ली आहेत, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी गाणं कुठून आलं ते सांगते, थोडक्यात. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्या तालुक्यातच, त्यामुळं गावोगावी खंजिरी भजनाची मंडळं आहेत. माझे बाबा मंडळात खंजिरी वाजवतात. बुवा एक ओळ म्हणतो, बाकीचे झील धरतात. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून झील धरते. बाबा म्हणायचे, "झील धरनारा घसरला का बुवा तोंडावर पडते." मोठी झाल्यावर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, नवरात्रात असं गात गेले. मेन सिंगर कधीच नव्हते, कारण आवाज जाड आहे, खालच्या पट्टीचा. ऑर्केस्ट्रात असा आवाज लता-आशाच्या गाण्याला चालत नाही. कोरसला मात्र असाच आवाज कमी मिळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला फोन आला ८ मार्च २०२२ ला. नागपूरचा एक स्टुडिओवाला दादा, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यानं नंबर दिला होता. जयंतीची गाणी आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चमधे रेकॉर्ड होतात म्हणजे १४ एप्रिलच्या आधी मोबाईलवर आणि डीजेवर पोहोचतात. तीन गाणी, कोरस, एका गाण्याचे ५००. म्हणजे एका दिवसात दीड हजार, मी मनातल्या मनात किती ब्लाउज होतात ते मोजलं आणि हो म्हटलं. तेव्हा एसटीचा संप चालू होता, बस नाहीच, म्हणून हायवेवर उभी राहून ट्रॅव्हल्सला हात दिला, अडीचशे रुपये घेतले लेकाच्यानं. सकाळी सातला निघाले आणि अकराला स्टुडिओत.

स्टुडिओ म्हणजे मला वाटलं होतं काचेचं काहीतरी असेल. होती एक दहा बाय बाराची खोली, भिंतीला काळा फोम, दाराला गोधडीसारखी जाड रजई, आणि आत पंखा नाही. एसी होता पण रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करायचे, आवाज येतो म्हणून. मार्च महिना, नागपूर. एक टेक, म्हणजे एकदाचं रेकॉर्डिंग, झाला की दार उघडून वारा घ्यायचा. रुमाल सोबत ठेवा आणि बांगड्या, पैंजण घरीच ठेवून जा. माझ्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या म्हणून पहिला टेक गेला, मग त्या काढता काढता दोन फुटल्या.

हेडफोनमधे टिक टिक टिक असं वाजत असतं, त्याला क्लिक म्हणतात, त्याच्यावर गायचं. मी आयुष्यभर खंजिरीवर गायलेली, खंजिरीवाला माणूस असतो, तो तुमच्याकडं बघतो, तुम्ही दमलात तर जरा सैल सोडतो. क्लिक सोडत नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी दर वेळी ओळीच्या शेवटी पुढं पळत होते. आणि आवाज फार मोठा. मंदिरात माईकशिवाय म्हणायची सवय. दादा आतून म्हणाला, "ताई, माईक तुमच्या नाकासमोर आहे, कळसावर नाही. अर्ध्या आवाजात म्हणा ना." अर्ध्या आवाजात सूर धरून ठेवणं इतकं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. जोरात म्हटलं की सूर आपोआप चढलेला राहतो, हळू म्हटलं की खाली बसतो.

माझ्यासोबत दोघी होत्या, वीस वर्षांपासून कोरस करणाऱ्या. त्यातल्या मोठीनं, तिला मी पहिल्या तासातच आक्का म्हणायला लागले, मला दोन गोष्टी शिकवल्या ज्या कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. एक, हेडफोनचा एक कान अर्धा काढून ठेवायचा म्हणजे स्वतःचा खरा आवाज ऐकू येतो, पण काढलेला कान गालाला दाबून धरायचा, नाहीतर त्यातली टिक टिक माईकमधे शिरते. दुसरी म्हणजे शेवटचं अक्षर गिळायचं. ओळ "आकाश" शब्दावर संपत असेल आणि तिघींनी "श" म्हटला तर तीन श एकामागोमाग एक येतात, साप फुत्कारल्यासारखं ऐकू येतं. म्हणून एकीनंच श म्हणायचा, बाकीच्यांनी "आका" वर सोडून द्यायचं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मी घरी येऊन जुनी गाणी लावून ऐकली तर खरंच, कोरसमधे शेवटचं अक्षर एकाच आवाजात असतं. इतकी वर्षं ऐकूनही लक्षात आलं नव्हतं.

दुपारी लाईट गेली. दीड तास. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो पण दादा म्हणाला रिस्क नको. त्या वेळात त्यानं मोबाईलवर एक इंग्रजी गाणं ऐकवलं, पिंक फ्लॉइड नावाच्या बँडचं, १९७३ चं. गाण्यात गायलेले शब्दच नाहीत, एक बाई नुसती ओरडते, रडते, विनवते, सुरात. तिचं नाव क्लेअर टॉरी. ती आपल्यासारखीच रोजानं गाणारी, रविवारी बोलावलं म्हणून डबल रेट, ३० पौंड मिळाले. सूर-शब्द काही लिहून दिलेलं नव्हतं, तिनं जागेवर सुचेल तसं म्हटलं. तो अल्बम जगभर करोडोंनी खपला. २००४ ला ती कोर्टात गेली की ती चाल मीच बनवली, माझं नाव संगीतकारांमधे लावा, आणि २००५ मधे तडजोड होऊन तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षांनी. आक्का म्हणाली, "तिले कोर्ट तरी सापडलं." आणि लाईट आली.

त्या दिवशी रोख १५०० मिळाले. कागद काही नाही, सही नाही, पावती नाही. जाण्यायेण्याचे ५०० गेले, जेवण त्यांनीच दिलं, सावजीचा झणका. गाण्याआधी सावजी खाऊ नका, मला दुसऱ्या गाण्यात घशात जाळ लागला होता.

मुंबईचं काम आक्कामुळं मिळालं. एका भक्तिगीतांच्या कंपनीला गणपती आणि नवरात्रासाठी थोडा गावरान वाटणारा कोरस पाहिजे होता, को-ऑर्डिनेटर ताईंनी आक्काला विचारलं, आक्काला दम्यानं प्रवास होत नाही, तिनं माझं नाव सुचवलं. व्हॉट्सॅपवर आवाज पाठवायला सांगितला. हे ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते, रिव्हर्ब-इको लावून आवाज घुमवलेलं, स्टारमेकर ॲपचं रेकॉर्डिंग पाठवू नका, ते पहिल्या सेकंदात बंद करतात. खोलीत गाद्या-उशा रचून, फोन तोंडापासून हातभर लांब ठेवून, तानपुऱ्याच्या ॲपवर एक ओळ तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणायची, आणि तीच ओळ परत एकदा जशीच्या तशी. ते हेच बघतात की दुसऱ्यांदा म्हटलेलं पहिल्यावर बसतं का.

जुलै २०२२, तो पावसाचा जुलै, आमच्याकडं सोयाबीन पाण्याखाली होतं आणि बाबा शेतातून गुडघाभर चिखल घेऊन यायचे. अशात मुंबईला जाते म्हणून सांगायला जीभ रेटत नव्हती. आईच म्हणाली, "तू इथं राहून पानी उपसनार हायेस का?" अमरावती एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास. संध्याकाळी अमरावतीहून बसले, पहाटे कल्याणला उतरले, डोंबिवलीला आत्याबहिणीकडं सामान टाकलं, आणि लोकलनं दादर, तिथून वेस्टर्न पकडून अंधेरी. दादरचा तो पूल सकाळी साडेनऊला पहिल्यांदा बघितला तेव्हा मी भिंतीला चिकटून पाच मिनिटं नुसती उभी होते. स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, आराम नगरच्या बाजूला. बसक्या बंगल्यांच्या वसाहतीत ऑडिशन, डबिंग, स्टुडिओ सगळं एकमेकाला लागून, बाहेर पोरंपोरी फोटोची फाईल घेऊन उभे.

आणि तिथं माझा ळ निघाला.

आमच्याकडं ळ नाही. म्हणजे लिहिताना आहे, तोंडात नाही. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय. मी बी.ए. केलंय, बोलताना ळ म्हणते, मला वाटायचं मी शुद्ध बोलते. पण गाताना, वेगात, दोन जणींसोबत, लक्ष सुराकडं असताना जीभ आपल्या गावाला जाते. ओळीत "आभाळ" होतं. आतून आवाज आला, "तिसरी कोण आहे? आभाय म्हणतेय कोणीतरी." परत घेतलं. परत आभाय. तिसऱ्यांदा मी इतकं सांभाळून म्हटलं की ळ आला पण सूर गेला. बाकीच्या दोघी काही बोलल्या नाहीत, एकीनं फक्त घड्याळाकडं बघितलं. त्यांनी गावरान कोरस म्हणूनच मला बोलावलं होतं ना, मग गावरान इतकं पण नको होतं. मग रेकॉर्डिंगवाल्या दादानं मला एकटीला बाजूला घेऊन तेवढा शब्दच आठ वेळा म्हणायला लावला आणि त्यातला एक उचलून बसवला, ह्याला पंच करणं म्हणतात. जेवायच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून मी आभाळ, सकाळ, कपाळ, देवळात, तळ्यात असं म्हणत होते, चहावाला पोरगा हसत होता. परत येताना गाडीत बदनेऱ्यापर्यंत तेच. शेवटी युक्ती सापडली ती ही की ळ येणार असेल तर त्याच्या आधीचा स्वर थोडा आधीच सोडायचा म्हणजे जिभेला मागं वळायला वेळ मिळतो.

रेट ठरला होता एका गाण्याचे २,०००. त्या फेरीत तीन दिवसांत ८ गाणी झाली. शेवटच्या दिवशी ताईंनी एक इंग्रजी कागद पुढं केला, सही कर म्हणाल्या. उभ्या उभ्या, पर्स खांद्याला, गाडीची वेळ झालेली. मी केली. आता सांगते, करू नका. म्हणजे सही करावीच लागते, नाहीतर काम नाही, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोणी नाही म्हणत नाही. मी नंतर मागितल्यावर चार महिन्यांनी त्याचा फोटो मिळाला. आणि "माझं नाव कोरसमधे लागेल ना" हे त्याच वेळी विचारा, तेही व्हॉट्सॅपवर, तोंडी नाही. बिल हातानं लिहून दिलं, नाव, पत्ता, पॅन, बँक खातं, रक्कम. हे हातानं लिहिलेलं बिल पुढं मला भोवलं.

पेमेंट ९० दिवसांत असं म्हणाले होते. जुलैचे नव्वद दिवस ऑक्टोबरला झाले. ऑक्टोबरला ताई म्हणाल्या दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणाल्या अकाउंटवाले बदलले. ह्या मधल्या काळात विचारायला लाज वाटते, ते मी खोटं सांगत नाही. महिन्यातून एकदा, सोमवारी सकाळी, एकच मेसेज, "ताई नमस्कार, जुलैच्या बिलाचं काही कळलं का" एवढाच. चिडून एकदाही लिहिलं नाही. बरोबर केलं की चूक अजून कळत नाही. जानेवारी २०२३ ला त्यांनीच परत बोलावलं, १६ गाणी, सहा दिवस. बाबा म्हणाले, "पयले पैसे आले नाई अन दुसऱ्यांदा चालली?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेले. त्याच फेरीत एका मराठी सिनेमाच्या गाण्याला सहा बायांचा कोरस होता, त्यात एक दिवस उभी राहिले, तो वेगळ्या लोकांचा, रोख ३,००० मिळाले.

ह्या वेळी ळ एकदाही चुकला नाही. आणि रेकॉर्डिंगवाल्या दादानं मला बाहेर बसवून मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र लावलेलं गाणं, ऐकवलं. मेन आवाज मधे, दोघी डावीकडं आणि माझा खालचा आवाज उजवीकडं. एकटा काढून ऐकवला तर इतका रुक्ष वाटला की ऐकवेना, नुसता जमिनीसारखा सपाट. मग त्यानं सगळ्यांसोबत लावला, आणि मग माझा बंद केला. गाणं एकदम पोकळ झालं, घरातली मधली भिंत काढल्यासारखं. परत चालू केला. असं तीन वेळा केलं त्यानं. काही बोलला नाही.

२८ मार्च २०२३ ला सगळे एकदम आले. २४ गाण्यांचे ४८,००० व्हायला पाहिजे होते, आले ४३,२००. मी आधी घाबरले, मग चिडले, मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, टीडीएस, १० टक्के, सगळ्यांचाच कापतात, परत मिळतो. कसा मिळतो ते नाही सांगितलं.

तर ते असं आहे. कंपनीनं एका माणसाला एका आर्थिक वर्षात व्यावसायिक फी म्हणून ३०,००० च्या वर दिले तर तेव्हाच्या कायद्याच्या कलम १९४ जे खाली १० टक्के कापून सरकारकडं भरावे लागतात (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली आहे). ते तुमच्या पॅनवर जमा होतात. तुमचं वर्षाचं उत्पन्न टॅक्समधे बसतच नसेल तर रिटर्न भरून ते सगळे परत मागता येतात. माझं कुठून बसतं, ब्लाउज, ऑर्केस्ट्रा, कोरस सगळं मिळून तेव्हाच्या अडीच लाखाच्या मर्यादेच्या जवळपासही जात नव्हतं. म्हणजे ४,८०० रुपये माझेच होते.

पण जून २०२३ मधे अमरावतीच्या सीएकडं गेले (मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, तेवढा एक दिलासा) तेव्हा त्यांनी फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा हिशोब, उघडला आणि तो कोरा. माझ्या पॅनवर एक रुपया जमा नाही. आणि वरून पॅन आधारला लिंक नाही, त्याची शेवटची तारीख ३० जून, एक हजार रुपये दंडासकट. लिंक नसेल तर १ जुलैपासून पॅन निष्क्रिय, आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड नाही. तारीख होती ५ जून.

लिंक का होत नव्हतं, तर माझ्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारीला आहे, कॅम्पमधे आधार काढताना कोणाला तारीख माहीत नव्हती तर मास्तरानं तीच टाकली. पॅनवर दहावीच्या मार्कशीटची खरी तारीख. दोन्ही जुळत नाहीत तोवर लिंक होत नाही. ६ जूनला तिवस्याच्या आधार केंद्रावर गेले, ५० रुपये फी, मार्कशीटची ओरिजिनल, लाईनीत साडेतीन तास, नंबर आला तेव्हा सर्व्हर डाऊन. ७ ला परत. झालं. मोबाईल नंबर पण तेव्हाच आधारला जोडून घेतला, आणि हे फार बरं झालं कारण पुढं रिटर्नचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. १७ तारखेला आधार अपडेट झाल्याचा मेसेज आला. त्याच दिवशी हजार रुपये भरले. पैसे भरले की लगेच लिंक होईल असं समजू नका, चार-पाच दिवस थांबावं लागतं. २३ जूनला लिंक झालं. मधे पेरणी चालू होती, मी रोज संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून, तिथं रेंज येते, इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडून बघत होते, आणि बाबा म्हणत होते ह्या पोरीनं पाऊस नाई पाह्यला, फोनच पाहून रायली.

राहिला कोरा २६एएस. कंपनीच्या अकाउंटला ताईंकडून नंबर घेऊन फोन केला. पहिले तीन वेळा "आम्ही भरलाय मॅडम". मग मी फॉर्म १६ए मागितला, ते सर्टिफिकेट असतं, जानेवारी ते मार्चचा टीडीएस असेल तर साधारण १५ जूनपर्यंत कंपनीनं द्यायचं असतं. तो आला आणि त्यात माझ्या पॅनचं पाचव्या ठिकाणचं अक्षर चुकलेलं. पॅनमधे पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. चौथं अक्षर माणसाचं असेल तर पी, पाचवं आपल्या आडनावाचं पहिलं. माझ्या एम चा त्यांनी एन वाचला होता. माझं अक्षर, काय म्हणणार. त्या हातानं लिहिलेल्या बिलावर तो एम खरंच एन दिसतो, फोटो आहे माझ्याकडं. तेव्हापासून बिल टाईप करूनच देते, सेतूवाल्याकडून, वीस रुपयात.

ही चूक आपण दुरुस्त करू शकत नाही, सीएसुद्धा नाही, ज्यानं टॅक्स भरला त्यानंच दुरुस्तीचं टीडीएस रिटर्न भरावं लागतं. त्यासाठी २६ जून ते १८ जुलै मी अकरा फोन केले. तारीख-वार वहीत लिहून ठेवले होते, कोणाशी बोलले, काय म्हणाले. सातव्या फोनला मी वहीतलं वाचून दाखवलं की सर, ३ तारखेला तुम्ही ५ म्हणालात आणि ५ ला १० म्हणालात, तेव्हापासून त्यांचा सूर बदलला. १८ ला त्यांनी भरलं, २५ ला माझ्या २६एएस मधे ४,८०० दिसले. २७ जुलैला रिटर्न भरलं, ३१ शेवटची तारीख होती. सीएनं रिटर्नचा आयटीआर-४ हा फॉर्म भरला, त्यात ४४ एडीए कलमाखाली निम्मी रक्कम खर्चात धरतात, तिकिटांचे कागद जमवत बसावं लागत नाही. तुमचं ह्यात बसतं का ते तुमच्या सीएला विचारा. त्यांची फी ७००. ई-व्हेरिफाय तिथंच बसून आधार ओटीपीनं केलं. हे ३० दिवसांत केलं नाही तर रिटर्न उशिरा भरलं असं धरतात आणि केलंच नाही तर भरलंच नाही असं धरतात, आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं पाहिजे.

२२ ऑगस्टला मेसेज आला, ४,९२० जमा. १२० रुपये व्याज होतं, एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का. सरकारनं मला व्याज दिलं हे मी शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं. हिशोब केला तर दंड १,०००, आधार ५०, सीए ७००, जाणंयेणं तीनेकशे, हातात उरले पावणेतीन-तीन हजार. पण दंड आणि आधार एकदाच, पुढच्या वर्षी नाही.

आता नावाचं. पहिली गाणी २०२२ च्या सप्टेंबरपासून गाणी ऐकायच्या ॲपवर होती. मेन गायिका, संगीतकार, गीतकार, तबला, बासरी, कोरस नाही. बासरी होती, कोरस नव्हता. ॲपवर गाण्याच्या बाजूला तीन टिंब दाबले की क्रेडिट्स दिसतात, पण ती ॲपवाले लिहीत नाहीत, कंपनीनं गाणं पाठवताना जे भरलं तेच दिसतं. म्हणून ॲपवाल्यांना मेल करून काही होत नाही, मी दोन महिने तेच करत बसले होते. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक १२ अक्षरी कोड असतो, आयएसआरसी म्हणतात, भारतातल्या कंपनीचा बहुतेक आयएन नं सुरू होतो. कंपनीला नुसतं "माझं नाव टाका" म्हटलं तर कोण शोधणार, म्हणून मी एका कागदावर २४ गाण्यांची नावं, कोड, रेकॉर्डिंगची तारीख आणि आमच्या तिघींची नावं इंग्रजीत नीट स्पेलिंगसकट असं टाईप करून पाठवलं. आमच्या तिघींची, एकटीचं नाही. बाकीच्या दोघींना आधी विचारलं तर एक म्हणाली जाऊ दे गं, काम बंद होईल. तिला मी काय सांगणार, तिचं घर त्याच्यावर चालतं, माझं मशीन तरी आहे. शेवटी ती हो म्हणाली पण मेल तुझ्या नावानं जाऊ दे म्हणाली. गेला.

हे कशासाठी, तर नुसत्या मिरवण्यासाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, त्याचं सादरीकरण व्यापारी कामासाठी वापरलं तर रॉयल्टीचा हक्क दिलाय, आणि तो हक्क ५० वर्षं चालतो. गायकांच्या हक्काची संस्थाही २०१३ पासून आहे. पण त्याच कायद्यात, सादरीकरण करणारा कोण ह्याच्या व्याख्येत, सिनेमापुरतं एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. ज्याचं काम प्रासंगिक किंवा किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव कुठंच देत नाहीत, तो बदनामीकारक फेरफाराविरुद्धचा हक्क सोडला तर सादरीकरण करणारा धरलाच जात नाही. मी हे मोबाईलवर तीन वेळा वाचलं. त्या सहा बायांच्या कोरसमधे मी किरकोळ होते का नव्हते हे मी ठरवणार नाही, पण रिवाज मात्र नाव न देण्याचाच आहे, त्यामुळं पुढच्या वेळी सिनेमाचं काम आलं तर आधी तेवढंच विचारणार. संस्थेचा अर्ज मी अजून भरलेला नाही, जमला की लिहीन.

१४ ऑक्टोबर २०२३ ला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, २४ पैकी ९ गाण्यांत नावं दिसली. बाकी १५ चं "प्रोसेसमधे आहे". एकात माझ्या आडनावात एक ए जास्त आहे, तो राहू दिला.

संध्याकाळी बाबा खाटेवर बसले होते तेव्हा फोन दाखवला. इंग्रजी अक्षरं, त्यांना वाचता येत नाहीत, म्हणाले कोनतं तुझं. बोट ठेवून दाखवलं. मग गाणं लावलं तर म्हणाले, "यात तू कोनती?" मी म्हटलं उजव्या कानात ऐका, आणि इअरफोन दिला. त्यांचा उजवा कान बरेच वर्षांपासून बसलेला आहे, म्हणून त्यांनी उजवा घेऊन डाव्या कानात घातला आणि दुसरा नुसता लोंबकळत ठेवला. पूर्ण गाणं ऐकलं. मांडीवर खंजिरीचा ठेका धरला, मधे एकदा थांबले, परत धरला. गाणं संपल्यावर इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

"आभाळ म्हनलं तुनं," ते म्हणाले. "आमच्या मंडयात म्हनशीन तं पोट्टे हासतीन."